अपघात हे नशीब नव्हे, भरपाई ही भीक नव्हे

२३ ऑक्टोबर १९२९. धुळ्याहून मुंबईला परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकण्यास टांगेवाले तयार होईनात. अखेर एकाने टांगा भाड्याने दिला, पण हाकायला वस्तीतलाच माणूस बसला. त्याला सवय नव्हती. मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. कोणी याला नशीब म्हणेल. बाबासाहेबांनी मात्र कारण शोधले. पुढे दिसणारे कारण म्हणजे अननुभवी हाकणारा आणि त्यामागचे कारण म्हणजे टांगेवाल्याच्या डोक्यातली जात.

कारणाशिवाय कार्य नाही, ही तथागतांची शिकवण आहे. तरीही वस्तीत कोणी मोटारीखाली सापडले की आपण म्हणतो, "त्याची वेळच आली होती." २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. एवढ्या सगळ्यांची वेळ आली होती काय?

कारणे उघड आहेत. सर्वांत जास्त बळी बेफाम वेगाचे. त्यानंतर उलट दिशेने गाडी घालणे, चालवताना मोबाईल, झिजलेले टायर, विनादिव्याची उभी वाहने. दारू पिऊन वाहन चालवणारा पाचवे शील तर मोडतोच, पण १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळल्यास तो कायद्यानेही गुन्हेगार ठरतो. दीक्षाभूमी वा चैत्यभूमीला जाताना एकाच चालकाला रात्रभर जागवणारे आपले बांधवही या यादीत येतात.

आता जबाबदार कोण ते पाहू. बेदरकारपणे गाडी चालवून जीव घेणाऱ्यावर फौजदारी खटला होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भरपाईचा दावा वेगळा. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांविरुद्ध लावावा. "गाडी मी केव्हाच विकली," असे मालक म्हणेल. पण आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

अडाण्यांचीच नव्हे, शिकलेल्यांचीही फसगत कशी होते ते सांगतो. माझ्या परिचयातील एका कुटुंबाचा कर्ता, तीस वर्षांचा गवंडी, मोटारीच्या धडकेने गेला. मागे पत्नी, दोन लेकरे, म्हातारी आई. तिसऱ्या दिवशी मालकाची माणसे पन्नास हजार रुपये घेऊन आली आणि कागदावर सही मागू लागली. नातेवाईक म्हणाले, "घेऊन टाक, कोर्टात कोण फिरणार?" मी पेन्सिल घेऊन त्या ताईंसमोर हिशेब मांडला. महिना कमाई १२,००० म्हणजे वर्षाला १,४४,०००. वय चाळिशीच्या आत म्हणून भावी वाढीचे ४० टक्के धरून २,०१,६००. चार आश्रित, म्हणून मृताचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, उरले १,५१,२००. तीस वर्षे वयाला गुणक १७. एकूण २५,७०,४०० रुपये! ही रीत माझी नव्हे, सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेली आहे. ताईंनी सही केली नाही.

चालकाची चूक सिद्ध करणे कठीण असेल तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. मात्र १६४ किंवा १६६, यांपैकी एकच वाट धरावी लागते. धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तरी सरकारी योजनेतून अनुक्रमे दोन लाख व पन्नास हजार मिळतात.

एक धोका ध्यानात ठेवावा. लग्नाला किंवा सभेला आपण मालवाहू टेम्पोत दाटीवाटीने बसतो. अशा प्रवाशांची जबाबदारी कायद्याने विमा कंपनीवर येत नाही. फक्त 'थर्ड पार्टी' विमा असलेल्या खाजगी मोटारीतील प्रवाशांचेही तसेच. मग भरपाई मालकाकडून वसूल करावी लागते, आणि त्याच्याकडे काही नसेल तर हुकूमनामा घेऊन घरी बसावे लागते. म्हणून गाडी ठरवताना प्रवासी परवाना आणि विम्याचा कागद आधी मागावा.

अपघात घडल्यास जखमीला प्रथम दवाखान्यात न्यावे. मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. गाडीचा नंबर टिपावा, एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती घ्याव्यात, कमाईचा पुरावा जपावा. कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून दुखवट्यातही दिवस मोजावेत. दावा आपल्या राहत्या जिल्ह्यात लावता येतो. वकिलाला पैसे नाहीत ही सबब नको. अनुसूचित जाती-जमातींना आणि सर्व स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, उत्पन्नाची अट न लावता, मोफत वकील मिळतो.

प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर हा लेख एकदा मोठ्याने वाचावा, एवढीच विनंती. पुढच्या खेपेला पन्नास हजारांचा कागद ज्या घरी येईल, त्या घरात निदान एकाला तरी हा हिशेब ठाऊक असला पाहिजे. जयभीम!