डावीकडे वळणारी रेस

27 मार्च 2010. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातलं मार्टिन्सविल. तिथल्या ट्रॅकवर कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन चक्क ट्रक पळवत होता. पाच वर्षांपूर्वी फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय म्हणून हाच माणूस आपल्या पेपरांत झळकला होता. आता तो नॅसकार या अमेरिकी स्टॉक कार संघटनेच्या ट्रक मालिकेत, 60 नंबरच्या गाडीत बसला होता. पहिल्याच शर्यतीत तो तेरावा आला.

'ट्रक' म्हटलं की आम्हा नवी मुंबईतल्या खांदेश्वरकरांच्या डोळ्यांपुढे शेजारची कळंबोली येते. पोलादाच्या कॉइल घेऊन स्टील मार्केटबाहेर ताटकळणारे दहाचाकी, चौदाचाकी. नारायणचा ट्रक त्यातला नव्हे. तो मागे हौदा असलेला पिकअप, तोही फक्त दिसायला. पत्र्याच्या आत सगळी यंत्रणा शर्यतीची. स्टॉक कार रेसिंगची सगळी गंमत याच सोंगात आहे. गाडी दिसते शोरूममधल्यासारखी, पण तिला धड उघडणारं दारही नसतं. ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो, पट्टे आवळतो आणि खिडकीला जाळी लावून घेतो.

सुरुवातीला मात्र गाड्या खरोखरच रस्त्यावरच्या होत्या. अमेरिकेत दारूबंदी आली, गेली, पण दक्षिणेकडच्या डोंगरांतली हातभट्टी काही थांबली नाही. माल पोचवणारी पोरं पोलिसांना चुकवायला गाड्यांची इंजिनं सुधारून घेत आणि रविवारी कुणाची गाडी पुढे जाते ते मातीच्या ट्रॅकवर बघत. बिल फ्रान्स नावाच्या हिकमती माणसाने या हौशी मंडळींना शिस्त लावली आणि फेब्रुवारी 1948 मध्ये नॅसकार उभी राहिली. 19 जून 1949 ला शार्लटला पहिली 'स्ट्रिक्टली स्टॉक' शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला. मग तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा भट्टीवाल्यांच्या पद्धतीने बदललेल्या निघाल्या, तो बाद झाला आणि कॅन्ससहून आलेला जिम रोपर विजेता ठरला. पुढे पन्नास शर्यती जिंकलेला ज्युनियर जॉन्सन तर भट्टीच्या भानगडीत तुरुंगात जाऊन आला होता. 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली.

बहुतेक ट्रॅक लंबगोल, म्हणून सगळी वळणं डावीकडे. 'नुसतं गोल गोल फिरायचं, त्यात काय?' असं विचारणाऱ्याने डेटोनाच्या ट्रॅकची वळणं बघावीत. 31 अंशांचा उतार आहे, पायी चढायचं म्हटलं तरी दम लागेल. गाड्या ताशी 300 किलोमीटरच्या आसपास, एकमेकींच्या बंपरला बंपर लावून धावतात, कारण पुढच्या गाडीने हवा कापली की मागच्या गाडीला रेटा कमी लागतो. ड्रायव्हरला बाजूचं नीट दिसत नाही. स्टँडच्या माथ्यावर बसलेला स्पॉटर कानात सांगतो, आतून आला, बाहेरून आला, मोकळं आहे. आत तापमान पन्नास अंशांपर्यंत जातं. तीन-साडेतीन तासांच्या शर्यतीत अंगातलं दोन-तीन किलो पाणी सहज जातं. मध्येच पिटमध्ये यायचं: दहा-बारा सेकंदांत चार चाकं बदलून, पेट्रोल भरून गाडी बाहेर. टायर बदलणाऱ्यांच्या हाती शर्यत असते म्हणतात ते उगीच नाही.

मुख्य मालिकेचा हंगाम फेब्रुवारी ते नोव्हेंबर, शर्यती 36. शनिवार-रविवार घरी असा मिळतच नाही. अनेक ड्रायव्हर ट्रॅकच्या आवारातच बस-घरात मुक्काम ठोकतात. आठवड्यातले उरलेले दिवस सिम्युलेटर, व्यायाम आणि प्रायोजकांची मर्जी राखण्यात जातात. कपड्यांची पावडर, चॉकलेटच्या गोळ्या, बिअर, कुणाचंही नाव बॉनेटवर असू शकतं. त्या नावाचा करार संपला की चांगला ड्रायव्हरही घरी बसतो. हा धंदा हुन्नराइतकाच पैशावर चालतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

तरीही या खेळाने कामगारांची पोरं वर आणली, आणि मला त्याचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं. डेल अर्नहार्ट नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅनापोलिसचा. गिरणीचं गाव, आपल्या लालबाग-परळच्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. बाप राल्फ गिरणीत काम करून मातीच्या ट्रॅकवर गाड्या पळवायचा. डेलने नववीतच शाळा सोडली. पुढे त्याने 1980 ते 1994 या काळात सात अजिंक्यपदं पटकावली आणि रिचर्ड पेटीच्या विक्रमाची बरोबरी केली. काळी, 3 नंबरची गाडी मागे दिसली की पुढचा घाबरायचा. 18 फेब्रुवारी 2001 ला डेटोनाच्या शेवटच्या फेरीत त्याची गाडी भिंतीवर आदळली आणि कवटीच्या तळाला तडा जाऊन तो गेला. मान जखडून ठेवणारं हान्स नावाचं उपकरण त्याला आवडत नसे. त्याच वर्षी नॅसकारने अशा प्रकारचं उपकरण सक्तीचं केलं, पुढच्या वर्षापासून भिंतींना ऊर्जा शोषणारं अस्तर लावायला सुरुवात झाली, आणि त्यानंतर नॅसकारच्या राष्ट्रीय मालिकांच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही.

नारायणकडे परत येऊ. तो कामगाराचा मुलगा नव्हे. वडील रॅलीत नाव कमावलेले. तरी पैशाचं गणित त्यालाही सुटलं नाही. फॉर्म्युला वनची दारं मिटली म्हणून तो अमेरिकेला गेला. मोजक्या शर्यतींतच चाहत्यांनी मतदान करून त्याला 2010 चा ट्रक मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरवलं. मतं कुठून आली असतील हे सांगायला नको! पुढच्याच वर्षी तो फॉर्म्युला वनमध्ये परतला.

आपल्याकडे स्टॉक कारच्या जवळचं म्हणजे सलून आणि टूरिंग कारच्या शर्यती. त्या होतात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर. महाराष्ट्रात मोठा ट्रॅक नाही. कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे. मुंबईच्या जेहान दारूवालाने कार्टिंगपासून सुरुवात करून डिसेंबर 2020 मध्ये बहारीनमधल्या साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय. पण त्यासाठी कोवळ्या वयात युरोप गाठावं लागलं.

मला जास्त मोलाचा वाटला तो टाटांचा प्रयोग. मार्च 2014 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर प्रायमा ट्रकांची शर्यत झाली, तेव्हा ड्रायव्हर परदेशी होते. मग कंपनीने महामार्गावर गाड्या चालवणाऱ्या भारतातल्याच ड्रायव्हरांतून निवड करून त्यांना प्रशिक्षण दिलं आणि 2016 मध्ये ते स्वतः शर्यतीत उतरले. ज्याला ढाब्यावर कुणी नाव विचारत नाही, त्याच्यासाठी स्टँडमधून टाळ्या पडल्या. ती शर्यत पुढे बंद पडली, हे वाईट झालं.

आमच्या भागात वेगाची हौस कमी नाही; पाम बीच रोडवर रात्री ती दिसते आणि सकाळी पेपरात तिची किंमत कळते. नव्या विमानतळाभोवती सिडको एवढं आखते आहे. त्यात किलोमीटरभराचा एक कार्टिंग ट्रॅक आणि शेजारी शर्यतीच्या गाड्यांचं काम शिकवणारी एक कार्यशाळा बसवावी. शिकवायला उस्ताद लांबून आणावे लागणार नाहीत, ते कळंबोलीत आहेत.