चोथा कोणाला पचतो?

जुन्नर-आंबेगावात ऊस चघळणारा माणूस रस गिळतो, चोथा थुंकतो. त्यातलं सेल्युलोज फोडणारं विकर आपल्या शरीरात बनतच नाही.

गाईच्याही नाही! तरी ती उसाचे वाढे फस्त करते. तिच्या पोटाच्या पहिल्या, शंभरेक लिटरच्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्मजीव चारा आंबवतात. रवंथ करून गाय त्यांना घास बारीक करून देते आणि आंबवण्यातून निघालेल्या आम्लांवर जगते. आपलं दूध येतं ते या जिवांच्या राबण्यातून.

भीमाशंकरच्या रानातलं वानर रवंथ करत नाही, पण त्याच्याही जठराला कप्पे आहेत. पानांवर त्याचं भागतं.

उसात दडणाऱ्या बिबट्याला पाचट फक्त आडोशापुरतं. त्याचं आखूड आतडं मांसासाठीच घडलेलं.

माणसाचे बहुतेक सूक्ष्मजीव मोठ्या आतड्यात, वाटेच्या शेवटी. बाजरीच्या भाकरीतले काही तंतू ते आंबवतात. त्यातून तयार होणारं ब्युटिरेट हे तिथल्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहे.