खाऱ्या पाण्याच्या जलतरण तलावातील रासायनिक संतुलन

ज्या जलतरण तलावात पाण्यात विरघळवलेल्या मिठापासून विजेच्या साहाय्याने क्लोरीन तयार करून पाणी निर्जंतुक ठेवले जाते, त्यास खाऱ्या पाण्याचा जलतरण तलाव असे म्हणतात. ऑस्ट्रेलियातील घरगुती तलावांत ही पद्धत विशेष प्रचलित आहे. असा तलाव क्लोरीनमुक्त असतो, हा समज चुकीचा आहे. त्यात क्लोरीन बाहेरून टाकण्याऐवजी जागेवरच तयार होतो. त्यामुळे पाण्याचा सामू, अल्कधर्मिता, दुष्फेनता इत्यादींचे संतुलन या तलावातही राखावे लागते.

कार्यपद्धती

गाळणयंत्रातून बाहेर पडणारे पाणी क्लोरीन निर्माण करणाऱ्या विद्युत घटातून तलावात परत जाते. या घटात टायटॅनिअमच्या पट्ट्या असून त्यांवर रुथेनिअम किंवा इरिडिअम या धातूंच्या ऑक्साइडांचा लेप असतो. विद्युत अपघटनामुळे धनाग्रावर क्लोरीन, तर ऋणाग्रावर हायड्रोजन वायू व हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. क्लोरीन पाण्यात विरघळून हायपोक्लोरस आम्ल बनते आणि हेच आम्ल जंतूंचा नाश करते. जंतुनाशनाच्या क्रियेत किंवा सूर्यप्रकाशामुळे त्याचे विघटन झाल्यावर पुन्हा क्लोराइड आयन तयार होतात. म्हणजेच मीठ या चक्रात खर्च होत नाही. बाष्पीभवनानेही ते घटत नाही. पाणी उडून बाहेर जाणे, गाळणयंत्र उलट्या प्रवाहाने धुणे, गळती आणि पावसाने तलाव भरून वाहणे ही मीठ कमी होण्याची कारणे होत.

मिठाचे प्रमाण

बहुतेक यंत्रांना प्रति लिटर सुमारे ३,००० ते ३,५०० मिलिग्रॅम मीठ लागते. समुद्राच्या पाण्यात हेच प्रमाण सुमारे ३५,००० मिलिग्रॅम असते. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद व सरासरी १.५ मीटर खोल तलावात ४८,००० लिटर पाणी मावते. मीठ नसलेल्या अशा पाण्यात प्रति लिटर ३,२०० मिलिग्रॅम प्रमाण आणण्यासाठी सुमारे १५४ किलोग्रॅम मीठ टाकावे लागेल. मीठ जास्त झाल्यास ते केवळ काही पाणी काढून व ताजे पाणी भरूनच कमी करता येते. म्हणून आधी मोजणी करून मीठ टप्प्याटप्प्याने टाकणे इष्ट ठरते.

सामू

सामू, म्हणजेच पीएच, साधारणतः ७.२ ते ७.८ या मर्यादेत ठेवतात. क्लोरीनची जंतुनाशक शक्ती सामूवर अवलंबून असते. सायन्युरिक आम्ल नसलेल्या पाण्यात सामू ७.२ असताना मुक्त क्लोरीनचा सुमारे दोन तृतीयांश भाग हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. सामू ७.५ असताना तो सुमारे निम्मा, तर ८.० असताना सुमारे एक चतुर्थांश उरतो. बाकीचा भाग कमी प्रभावी अशा हायपोक्लोराइट आयनांच्या रूपात असतो.

खाऱ्या पाण्याच्या तलावात सामू सतत वाढत राहण्याची प्रवृत्ती असते. घटात निघणाऱ्या हायड्रोजनच्या बुडबुड्यांमुळे पाणी घुसळले जाते व त्यातील कार्बन डायऑक्साइड हवेत निसटतो, हे त्याचे प्रमुख कारण आहे. वाढलेला सामू विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने खाली आणतात.

अल्कधर्मिता आणि दुष्फेनता

सामूतील बदलांना विरोध करण्याच्या पाण्याच्या क्षमतेचे माप म्हणजे एकूण अल्कधर्मिता. ती कॅल्शिअम कार्बोनेटच्या परिमाणात प्रति लिटर ८० ते १२० मिलिग्रॅम असावी, असे सामान्यतः मानतात. खाऱ्या पाण्याच्या तलावात ती ६० ते ८० मिलिग्रॅम ठेवल्यास कार्बन डायऑक्साइडचे निसटणे मंदावते व सामू सावकाश वाढतो. अल्कधर्मिता वाढवण्यासाठी खाण्याचा सोडा वापरतात. वरील ४८,००० लिटरच्या तलावात ती १० मिलिग्रॅमने वाढवण्यास सुमारे ८०० ग्रॅम सोडा लागतो.

कॅल्शिअम दुष्फेनता प्रति लिटर २०० ते ४०० मिलिग्रॅम ठेवतात. ती फार कमी असल्यास पाणी सिमेंटच्या गिलाव्यातील कॅल्शिअम विरघळवते, तर फार जास्त असल्यास पांढरे पुट चढते. ऋणाग्राजवळील पाणी अधिक अल्कधर्मी असल्याने पुट प्रथम तेथेच जमते आणि क्लोरीनची निर्मिती घटते. अनेक यंत्रे ठरावीक वेळाने विद्युतप्रवाहाची दिशा उलटवून हे पुट सैल करतात. पाणी पुट धरील की विरघळवील, याचा अंदाज विल्फ्रेड लँगेलिए यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या संपृक्तता निर्देशांकावरून बांधतात. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी कूपनलिकेचे पाणी दुष्फेन असल्याने तलाव भरण्यापूर्वी त्याची चाचणी आवश्यक ठरते.

सायन्युरिक आम्ल

सूर्याच्या अतिनील किरणांमुळे क्लोरीन काही तासांत नष्ट होतो. सायन्युरिक आम्ल त्यास संरक्षण देते, परंतु त्याचबरोबर त्याची जंतुनाशक क्रिया मंदावते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांच्या शिफारशीनुसार मुक्त क्लोरीन प्रति लिटर किमान १ मिलिग्रॅम असावा. सायन्युरिक आम्ल वापरलेल्या पाण्यात तो किमान २ मिलिग्रॅम असावा. हे आम्ल सहज नष्ट होत नसल्याने त्याचे प्रमाण अतिरिक्त झाल्यास पाणी बदलावे लागते.

चाचणी आणि दोषनिदान

घटातून पाणी वाहत असतानाच क्लोरीन तयार होतो. त्यामुळे क्लोरीन कमी आढळल्यास लगेच मीठ न वाढवता पंप चालण्याचा कालावधी, मिठाचे प्रमाण, पट्ट्यांवरील पुट व सायन्युरिक आम्ल या बाबी तपासतात. तलावाचा उग्र वास आणि डोळ्यांची जळजळ यांचा दोष बहुधा जादा क्लोरीनला दिला जातो. प्रत्यक्षात घाम व मूत्र यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन बनणारी क्लोरामाइन संयुगे ही त्यांची नेहमीची कारणे असतात. अशा वेळी क्लोरीन कमी केल्यास पाणी अधिक असुरक्षित होते.

सुरक्षितता

आम्ल विरल करताना ते पाण्यात ओततात. आम्लात पाणी कधीही ओतू नये. आम्ल आणि क्लोरीनयुक्त चूर्ण किंवा द्रावण एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. म्हणून ती स्वतंत्र जागी साठवतात व एकामागोमाग एक टाकत नाहीत. पाण्याचा प्रवाह थांबल्यास घटात हायड्रोजन साचू शकतो. त्यामुळे प्रवाह बंद होताच वीज तोडणारा संवेदक चालू स्थितीत असणे आवश्यक असते. तलावातील खारे पाणी बागेत किंवा शेतात सोडल्यास झाडांना आणि जमिनीला अपाय होतो.