‘दिवा मंद करणे’ : घरगुती एलईडी दिवे आणि डिमर

मराठीत ‘दिवा मंद करणे’ हा प्रयोग समई, कंदील, काचेचा विजेचा बल्ब आणि आजचा एलईडी दिवा या सर्वांना सारख्याच सहजतेने लावला जातो. समईची वात मागे घेतली, कंदिलाची वात बारीक केली, बल्बचा रेग्युलेटर फिरवला. साधन बदलत गेले, क्रियापद तेच राहिले. वस्तुतः या काळात मूळ क्रिया निदान दोनदा पालटली आहे. ज्योतीला मंद करणे म्हणजे तिचे इंधन तोडणे. तारेच्या बल्बला मंद करणे म्हणजे तारेचे तापमान उतरवणे. आणि एलईडी दिव्याला मंद करणे म्हणजे त्याच्या पोटातील एका लहानशा नियंत्रकाला तसे सांगणे. तो नियंत्रक सांगणे समजण्याजोगा नसेल, तर दिवा मंद होत नाही. शब्दाने हा भेद झाकला जातो, आणि म्हणूनच जुन्या रेग्युलेटरवर नवा दिवा चढवून नंतर दिव्यालाच दोष देण्याचा प्रकार घरोघरी आढळतो.

तारेचा बल्ब हा विद्युतदृष्ट्या केवळ एक रोध आहे. दाब उतरला की प्रवाह उतरतो, तार निवते, प्रकाश घटतो. हा घट मात्र दाबाच्या प्रमाणात नसतो. दाब दहा टक्क्यांनी उतरला, तर प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो आणि वीज सुमारे पंधरा टक्केच वाचते. मंद केलेला तारेचा बल्ब अशा रीतीने अधिक उधळा होतो, लालसर होतो, पण दीर्घायुषी होतो. त्याचा सर्वांत मोठा गुण असा की, तापलेली तार क्षणार्धात थंड होत नसल्यामुळे तिला तुटकतुटक वीज दिली तरी प्रकाश अखंड भासतो. डिमरची सारी रचना याच गुणावर उभी राहिली.

एलईडी दिव्याची गोष्ट वेगळी. निळा प्रकाश देणाऱ्या डायोडवर पिवळसर स्फुरदीपी लेप देऊन पांढरा प्रकाश मिळवला जातो. या निळ्या डायोडच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. डायोडचा प्रकाश दाबावर नव्हे, तर त्यातून जाणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असतो. यास्तव दिव्याच्या बुडाशी प्रवाह स्थिर ठेवणारे एक मंडल बसवावे लागते. बाहेरचा दाब कमीजास्त झाला तरी आत ठरलेलाच प्रवाह जावा, हे त्याचे काम. म्हणजे चांगल्या एलईडी दिव्याचा धर्मच मुळी मंद न होण्याचा आहे.

हा धर्म गुण ठरतो की अवगुण, हे स्थळावर अवलंबून आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबा हे गोदाकाठचे गाव घ्यावे. चांगदेवांची समाधी आणि दौंड–मनमाड मार्गावरील जंक्शन यांमुळे ते परिचित आहेच. पण भोवतालचा परिसर उसाचा आणि विहिरींवरील पंपांचा आहे. गावठाण व शेतीपंप यांच्या वाहिन्या महाराष्ट्रात अनेक ठिकाणी वेगळ्या केल्या गेल्या असल्या, तरी शेतातील वस्तीवरच्या घराला बहुधा पंपांच्याच वाहिनीवर राहावे लागते. अशा पट्ट्यात पंप सुरू झाले की दाब उतरतो. २३० व्होल्टऐवजी १७० व्होल्ट मिळाले, तर तारेचा बल्ब आपल्या प्रकाशाच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो. येथे मंद करणारा हात घरातल्या माणसाचा नसून साऱ्या शिवाराचा असतो. खोक्यावर ‘१०० ते ३०० व्होल्ट’ असे छापलेला नीट बनवलेला एलईडी दिवा मात्र याच दाबावर पूर्ण तेवतो. उसात बिबट्याचा वावर असलेल्या या भागात अंगणातला दिवा रात्री मंद न होणे ही साधी सोय नव्हे.

सर्वच एलईडी दिवे असे नसतात, हेही सांगितले पाहिजे. अतिस्वस्त दिव्यांत खरा नियंत्रक नसतो. एखाद्या कॅपॅसिटरने किंवा साध्या रोधक चकतीने काम भागवलेले असते. असे दिवे कमी दाबावर झपाट्याने मंद होतात. त्यावरून ‘हा दिवा डिमरवर चालेल’ असा निष्कर्ष काढणे मात्र घातक आहे, कारण कॅपॅसिटरवाल्या दिव्यात डिमरचे तीव्र धक्के सरळ आत शिरतात आणि दिवा लवकर निकामी होतो.

आता रेग्युलेटरकडे वळावे. जुन्या घरांतील पंख्याच्या जाड खोक्यात तारेची वेटोळी, म्हणजे रोध असतो. त्यावर ९ वॅटचा एलईडी दिवा लावला, तर कळ एकवर ठेवा की पाचवर, फरक पडत नाही. कारण दिवा इतका अल्प प्रवाह घेतो की रोधावर दाब फारसा खर्चच होत नाही, आणि उरलेली तूट नियंत्रक भरून काढतो.

गोल फिरणाऱ्या बटणाचा, आवाज न करणारा जो डिमर सामान्यतः मिळतो, त्याची तऱ्हा निराळी. तो दाब कमी करीत नाही. विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा आरंभीचा भाग कापून टाकतो. लाटा सेकंदाला पन्नास, म्हणून कापणे सेकंदाला शंभर वेळा. हे काम ट्रायॅक नावाचा अर्धवाहक करतो, आणि एकदा उघडलेला ट्रायॅक उघडा राहण्यासाठी त्यातून काही दशक मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहावा लागतो. ६० वॅटचा तारेचा बल्ब सुमारे २६० मिलिअँपिअर घेत असे. ९ वॅटचा एलईडी दिवा सरासरीने अवघे ४० घेतो, आणि तेही लाटेच्या शिखराजवळ घोट घोट घेऊन. मधल्या काळात ट्रायॅक मिटतो, पुन्हा उघडतो, पुन्हा मिटतो. शिवाय नियंत्रकाला शिखराचा दाब मिळत असेपर्यंत कापणे जाणवतच नाही. परिणामी पहिला अर्धा फेरा व्यर्थ जातो आणि नंतर एकाएकी सारे कोसळते.

या बिघाडांना नावे देण्यासाठी नव्या परिभाषेची गरज नाही. ट्रायॅक मिटू-उघडू लागला म्हणजे दिवा लुकलुकतो. बटण अगदी खाली नेले असता नियंत्रक सुरू होण्याची धडपड करतो, तेव्हा तो विझू घातलेल्या ज्योतीसारखा फडफडतो. बटण बंद केले तरी तारांतून किंवा बटणावरच्या दर्शक दिव्यातून झिरपणाऱ्या नाममात्र प्रवाहावर तो मिणमिणत राहतो. तेलाच्या दिव्यांनी भाषेला दिलेली ही तीन क्रियापदे कारणांच्या तीन वर्गांवर इतकी नेमकी बसतात की तक्रार नोंदवणाऱ्याने ‘दिवा खराब आहे’ असे न म्हणता यांतील योग्य शब्द वापरला, तर वायरमनचे अर्धे काम होईल. चौथा दोष मात्र शब्दातीत आहे : सेकंदाला शंभर वेळा होणारी उघडझाप डोळ्यास सरळ दिसत नाही, पण काहींचे डोके दुखवते. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहिल्यास सरकते पट्टे दिसतात. ती तिची खूण.

भाषेने केलेली आणखी एक दिशाभूल ‘वॅट’ या शब्दाची. वॅट हे विजेच्या खर्चाचे माप. परंतु साठचा, शंभरचा असे म्हणता म्हणता ते उजेडाचे माप बनले. साठच्या बल्बचा उजेड सुमारे ७०० ल्यूमेन, तर ९ वॅटच्या एलईडी दिव्याचा सुमारे ९००. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या आणि पुढे ‘उजाला’ या नावाने परिचित झालेल्या योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे घरांत पोहोचले, तरी दुकानात अजून वॅटच विचारले जातात. ‘झिरोचा बल्ब’ हे तर नावच खोटे : तो वस्तुतः १५ वॅटच्या आसपास वीज घेत असे. रात्री दहा तास जळून त्याचे महिन्याला साडेचार युनिट होत. अर्ध्या वॅटच्या एलईडी दिव्याला त्याच कामासाठी पाव युनिटही लागत नाही. शून्य हे विशेषण आता कोठे सार्थ झाले.

आजारी माणसाच्या अथवा बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर बेताचा उजेड हवा असेल, तर या अर्ध्या वॅटच्या दिव्यासाठी वेगळे बटण घेणे हाच सर्वांत स्वस्त आणि निर्धोक मार्ग होय. डिमरच हवा असेल, तर ‘डिमरेबल’ असे स्पष्ट छापलेला दिवा घ्यावा. त्यात लाट किती कापली आहे हे ओळखून त्या मानाने प्रवाह उतरवणारे, आणि ट्रायॅक मिटू नये म्हणून थोडा जादा प्रवाह ओढणारे मंडल असते. लाटेचा शेवटचा भाग कापणारे डिमर अशा दिव्यांशी अधिक जुळतात, पण ते महाग आहेत. जुन्या डिमरवरचा ‘४०० वॅट’ हा आकडा तारेच्या बल्बसाठी आहे. एलईडी दिव्यांचे त्याहून बऱ्याच कमी वॅट त्यावर टाकावेत. डोळ्याचा स्वभावही ध्यानी ठेवावा : मोजमापाने प्रकाश चौथाईवर आला, तरी डोळ्याला तो निम्मा वाटतो. म्हणून ‘दहा टक्क्यांपर्यंत मंद होतो’ असे छापलेला दिवा झोपेच्या खोलीत अजून बराच उजळ वाटेल. आणि तारेच्या बल्बप्रमाणे तो तांबूस होत जाणार नाही. जो रंग आहे तोच राहील.

दिवा आणल्यावर बटण सर्वांत खाली न्यावे, तेथेच बंद करून पुन्हा लावावे, आणि दिवा न फडफडता लागतो का ते पाहावे. दुकानात ही परीक्षा होत नाही. ती घरातल्या त्याच बटणावर, पंप चालू असलेल्या वेळी करावी लागते. म्हणून आधी एकच दिवा आणावा.