रानाचे रंग टिपताना

रायपूर शहराच्या जुन्या भागात तात्यापारा नावाची वस्ती आहे. छत्तीसगडी बोलीत 'पारा' म्हणजे मोहल्ला. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. त्या काळापासून मराठी कुटुंबे या मुलखात स्थायिक होत गेली. अशा वस्तीत राहणाऱ्या एखाद्या होतकरू छायाचित्रकाराची कल्पना करू. दिवसभर लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून तो पोट भरतो. पैसे साठवून त्याने चांगला कॅमेरा घेतला आहे आणि आता त्याला निसर्गदृश्ये टिपायची आहेत. हाती आलेल्या परदेशी पुस्तकात पानगळीच्या अरण्याची लालभडक, सोनेरी चित्रे आहेत. खाली लिहिले आहे : ऋतू 'ऑटम', महिना ऑक्टोबर.

'ऑटम' म्हणजे शरद, असे शब्दकोश सांगतो. म्हणून तो ऑक्टोबरात सिरपूरच्या रस्त्याने रान गाठतो. तेथे त्याला काय दिसते? पाऊस नुकताच ओसरलेला असतो, सारे रान गच्च हिरवे असते आणि पानापानावर ऊन चकाकत असते. लाल रंगाचा मागमूस नाही. आपल्याकडे योग्य फिल्टर नसावा, अशी त्याची समजूत होते आणि पुढच्या महिन्याची कमाई तो फिल्टरांवर घालवतो. येथे दोन गोष्टी चुकल्या आहेत. एक पंचांगाची आहे, दुसरी फिल्टरकडून केलेल्या अपेक्षेची.

आधी पंचांग पाहू. जपान, अमेरिकेचा ईशान्य भाग किंवा आपल्याकडचे काश्मीर येथे शरदात दिवस लहान होतात, थंडी वाढते आणि झाडे हिवाळ्याची तयारी करतात. पानांतील हरितद्रव्य मोडू लागते. त्याच्याखाली आधीपासूनच झाकलेली पिवळी द्रव्ये उघडी पडतात. मॅपलसारख्या काही झाडांत त्याच वेळी अँथोसायनिन हे लाल द्रव्य नव्याने तयार होते. काश्मिरातील चिनार ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटल्यासारखा दिसतो, तो याच कारणाने.

मध्य भारतातील पानझडी रानाची गोष्ट वेगळी आहे. येथे झाडाला थंडीपेक्षा कोरड्या हवेची आणि जमिनीतील आटत्या ओलाव्याची अधिक भीती. म्हणून पाने गळतात ती शिशिरात आणि त्यानंतर. मराठीने 'पानगळ' हा शब्द शिशिराशी जोडला आहे, शरदाशी नाही. आपल्या भाषेला आपले रान ठाऊक होते, असेच म्हणावे लागेल. थंडीत धावड्याची पाने तांबूस होतात. पुढे साग उघडाबोडका होतो. कांडोळाचा पांढरा, गुळगुळीत बुंधा निष्पर्ण रानात दुरूनही उठून दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पानांशिवाय फुलतो. आणि मग येतो या रानातील खरा लाल रंग, कोशिंबाचा. छत्तीसगडात या झाडाला कुसुम म्हणतात. लाखेचा किडा ज्या झाडांवर पोसला जातो, त्यांत पळस आणि कुसुम ही दोन्ही मोडतात.

कुसुमाचा लाल रंग मरणाऱ्या पानाचा नसून जन्मणाऱ्या पानाचा आहे. वसंतात फुटलेल्या कोवळ्या पालवीत हरितद्रव्य अजून पुरेसे भरलेले नसते. अँथोसायनिन मात्र भरपूर असते, आणि ते कोवळ्या पानाचे कडक उन्हापासून रक्षण करत असावे, असे अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. मोहाची तांबूस पालवी आणि पिंपळाची गुलाबी झाक यांचेही कारण हेच. म्हणजे जो रंग परदेशी छायाचित्रकार ऑक्टोबरात शोधतो, तो रायपूरच्या माणसाला फाल्गुन-चैत्रात मिळतो. एक अपवाद अगदी दाराशी असतो. देशी बदामाची पाने गळण्यापूर्वी लालबुंद होतात. हे झाड अंगणात आणि रस्त्याच्या कडेला सर्रास आढळते, त्यामुळे सरावासाठी रानात जाण्याचीही गरज नाही.

आता फिल्टरकडे वळू. फिल्टर म्हणजे भिंगापुढे बसवायची खास काच. तिच्याविषयी एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : फिल्टर प्रकाशात भर घालत नाही, तो प्रकाशातून काहीतरी काढून घेतो. त्यामुळे कोणता फिल्टर घ्यावा, याआधी आपल्या दृश्यातून काय काढून टाकायचे आहे, हे विचारावे लागते.

पानांच्या छायाचित्रात काढून टाकायची असते ती चकाकी. पानाच्या पृष्ठावर मेणासारखा पातळ थर असतो. आकाशाचा पांढुरका प्रकाश त्याच्यावरून परावर्तित होतो आणि पानाच्या स्वतःच्या रंगावर जणू पांढरी साय धरतो. पृष्ठावरून तिरप्या दिशेने परावर्तित झालेल्या या प्रकाशाची कंपने बहुतांशी एकाच दिशेत होतात. यालाच ध्रुवण म्हणतात. पोलरायझर, म्हणजे मराठीत ध्रुवक, हा फिल्टर ठरावीक दिशेची कंपने अडवतो. भिंगापुढे तो हळूहळू फिरवला की एका जागी चकाकी विरते आणि पानाचा मूळ रंग वर येतो.

याच तत्त्वाचा एक प्रसिद्ध उपयोग एका भारतीय शास्त्रज्ञाने केला होता. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून बोटीने परतत होते. समुद्राचा निळा रंग हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, असे मत तेव्हा मान्यता पावलेले होते. रामन यांनी निकोल प्रिझम या ध्रुवण करणाऱ्या स्फटिकातून पाण्याकडे पाहिले आणि पृष्ठावरचे परावर्तन पुसून टाकले. निळाई नाहीशी झाली नाही. उलट ती अधिक गडद दिसली. म्हणजे तो रंग पाण्याचा स्वतःचा होता. कुसुमाच्या पालवीसमोर ध्रुवक फिरवणारा छायाचित्रकार लहान प्रमाणात तोच प्रयोग करत असतो.

हा प्रयोग करून पाहण्यासाठी तात्यापाऱ्यातून फार दूर जावे लागत नाही. सकाळी बुढा तालाबच्या काठी उभे राहावे. पाण्याकडे तिरपे पाहत ध्रुवक डोळ्यांसमोर धरून फिरवावा. एका स्थितीत पाण्यावर आकाश लखलखते, तर पाव फेरा फिरवल्यावर ते प्रतिबिंब मावळते. दुकानात वस्तू पारखायची असेल, तर तो दुकानातील संगणकाच्या सपाट पडद्यासमोर, कॅमेऱ्यावर बसतो त्याच बाजूने डोळ्याला लावून फिरवावा. पडदा एका स्थितीत काळवंडला, तर ध्रुवक खरा. नुसती करडी काच असेल, तर कितीही फिरवली तरी फरक पडणार नाही.

ध्रुवक आकाशही गडद निळे करतो, पण सगळ्या दिशांना सारखे नाही. तर्जनी सूर्याकडे रोखून अंगठा तिच्याशी काटकोनात धरावा आणि मनगट फिरवावे. अंगठा जेथे जेथे जाईल, त्या पट्ट्यात परिणाम सर्वाधिक असतो. म्हणून सकाळी किंवा सायंकाळी उत्तरेकडे अथवा दक्षिणेकडे तोंड करून काढलेल्या चित्रात आकाश खुलते. फार रुंद दृश्य टिपणारे भिंग लावले, तर मात्र आकाशाचा एक भाग काळपट आणि दुसरा फिकट असा विचित्र डाग दिसतो. इंद्रधनुष्य टिपताना ध्रुवक काढूनच ठेवावा. तो चुकीच्या जागी फिरला, तर धनुष्यच पुसले जाते!

आणखी एक मर्यादा आहे. ध्रुवक दीड ते दोन टप्पे प्रकाश खातो, म्हणजे कॅमेऱ्यापर्यंत सुमारे एक तृतीयांश ते एक चतुर्थांशच प्रकाश पोचतो. रानातील सावलीत शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागते आणि हात हलला की चित्र पुसट होते. तिपाई हवीच. शिवाय कोवळी पालवी पाठीमागच्या उन्हात पाहायची असेल, तर ध्रुवकाचा फारसा उपयोग नाही. तेथे प्रकाश पानावरून उसळत नाही, पानातून आरपार येतो. कुसुमाचे झाड सर्वांत सुंदर दिसते ते याच प्रकाशात. सूर्य वर येऊन कोवळा असतो, पाने दिव्याच्या काचेसारखी उजळतात. अशा वेळी फिल्टर पिशवीत ठेवावा.

दुकानदाराच्या कपाटात इतरही अनेक फिल्टर असतात. अतिनील किरण अडवणारा फिल्टर आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर रंगात फरक करत नाही. भिंगाला ओरखडा पडू नये एवढाच त्याचा उपयोग. रंगात ऊब आणणाऱ्या पिवळसर काचांचे कामही आता कॅमेऱ्यातील श्वेतसंतुलनाने होते. तेथे मात्र एक दक्षता घ्यावी. स्वयंचलित श्वेतसंतुलन दृश्यातील भरपूर लाल रंगाला 'दोष' समजून तो फिका करू शकते. म्हणून 'दिवसाचा प्रकाश' ही स्थिर निवड बरी. पानगळीसाठी म्हणून एक डिडिमियम काचेचा फिल्टरही विकला जातो. ही काच पिवळ्या-नारिंगी प्रकाशाचा एक अरुंद पट्टा शोषते, त्यामुळे लाल आणि तपकिरी रंग वेगळे उठून दिसतात. काच फुंकणारे कारागीर भट्टीतील पिवळा झगझगाट टाळण्यासाठी अशाच काचेचा चष्मा वापरत. परंतु त्याने पांढऱ्या ढगांवर जांभळट छटा येते. पैसे मोजकेच असतील, तर तो घेऊ नये.

अर्धी काच करडी आणि अर्धी पारदर्शक असा फिल्टर तळे किंवा सपाट माळ टिपताना उपयोगी पडतो, कारण तेथे जमीन आणि आकाश सरळ रेषेत विभागलेले असते. रानात ती रेषा नसतेच. झाडांचे शेंडे करड्या भागात जातात आणि विनाकारण काळे पडतात.

पूर्ण करडा फिल्टर हे वेगळे प्रकरण. तो रंग न बदलता प्रकाश कमी करतो. आठपट कमी करणारा करडा फिल्टर लावला, तर एक अष्टमांश सेकंदाच्या जागी शटर पूर्ण एक सेकंद उघडे ठेवता येते आणि कोसळते पाणी रेशमासारखे मऊ दिसते. धबधब्यासाठी तो हवा. जगदलपूरजवळ इंद्रावतीवरचा चित्रकोट आणि कांगेर खोऱ्यातील तीरथगड ही त्याची हक्काची ठिकाणे. पण येथेही ऋतूचा हिशेब चुकवू नये. पावसाळ्यात चित्रकोटचे पाणी गढूळ, तांबडे आणि नदीच्या पूर्ण रुंदीचे असते. ते मऊ केले, तर त्यातील जोर हरवतो. पावसानंतर ते निवळते आणि काठ हिरवे असतात. कुसुम लाल होतो तोवर धार रोडावलेली असते. लाल पालवी आणि भरलेला धबधबा एकाच चित्रात मिळावेत, हा हट्ट छत्तीसगडात सोडून द्यावा.

लाल पालवीसाठी रायपूरहून सर्वांत सोयीचे रान बारनवापारा. बार आणि नवापारा या दोन गावांवरून नाव मिळालेले हे अभयारण्य १९७६ साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे २४५ चौरस किलोमीटर. साग, साल, बांबू आणि मिश्र झाडी एकत्र असल्यामुळे एकाच चौकटीत उघडे साग आणि पालवलेली झाडे सापडतात. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते. वाटेत महानदीकाठी सिरपूर लागते. तेथील विटांचे लक्ष्मण मंदिर सुमारे सातव्या शतकातले आहे आणि तिरप्या उन्हात त्या विटांचा रंग पळसाशी सहज जुळतो. दक्षिणेकडे जगदलपूरच्या वाटेवर केशकालचा घाट लागतो. वरून खालचे रान पसरलेले दिसते आणि हिरव्या-करड्या पटावर लाल झाडे एकेकटी उठून दिसतात. अशा दूरच्या दृश्यात चैत्रातील धुरकट हवा आड येते. ध्रुवक ती काही अंशी कापतो, तोही सूर्याशी काटकोनात पाहिले तर. अवकाळी पाऊस पडून गेल्यावर हवा धुतलेली असते आणि पाने ओली. ओल्या पानांवर चकाकी अधिक, म्हणून ध्रुवकाचा परिणामही अधिक. ढगाळ दिवशी फिल्टर घरी ठेवण्याची पद्धत चुकीची आहे.

याच दिवसांत रानात माणसेही असतात. मोहाची फुले पहाटे गळतात आणि ती वेचायला आसपासच्या गावांतील कुटुंबे उजाडण्यापूर्वी येतात. ही त्यांची वर्षाची मिळकत. फुले स्वच्छ जमिनीवर पडावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत आहे. आग पसरली, तर रान जळते. छायाचित्रकाराने तेथे काडी पेटवू नये, वेचलेल्या फुलांवर तिपाई रोवू नये आणि विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा टिपू नये.

खरेदीची एक गोष्ट राहिली. भिंगाच्या तोंडाचा व्यास कडेवर लिहिलेला असतो : ५२, ५८, ६७, ७७ मिलिमीटर असा. फिल्टर आपल्याकडील सर्वांत मोठ्या भिंगाच्या मापाचा घ्यावा आणि लहान भिंगांसाठी जोडकडी घ्यावी. जोडकडी स्वस्त पडते. पोलरायझर रेखीय आणि वर्तुळाकार अशा दोन जातींचा मिळतो. स्वयंचलित केंद्रीकरण करणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांना वर्तुळाकारच मानवतो. एकावर एक फिल्टर चढवले, तर चित्राचे कोपरे काळे पडतात.

शेवटी पळसाविषयी. त्याचा केशरी रंग इतका तीव्र असतो की कॅमेऱ्याचा लाल भाग भरून ओसंडतो आणि पाकळ्यांऐवजी नुसता सपाट डाग उमटतो. प्रकाश एक टप्पा कमी घेऊन दुसरे चित्र काढावे. घरी येऊन ते मोठे करून पाहिल्यावर पाकळीची बाकदार चोच आणि तिच्यावरची मखमली लव दिसली, तर पहिले पुसून टाकायला हरकत नाही.