घशाशी येतं ते पित्तच का?

जुमेरा लेक टॉवर्समध्ये रात्री दहाला तळ्याकाठून चक्कर मारली, तर हॉटेलांतली जेवणं नुकती रंगात आलेली असतात. इंग्रजी अक्षरांची नावं असलेले क्लस्टर, प्रत्येकात तीन-तीन मनोरे, मध्यभागी ६८ मजल्यांचा आल्मास टॉवर. कचेऱ्या आणि घरं एकाच आवारात असल्यामुळे माणूस साडेनवाला लिफ्टने खाली उतरतो, दहाला भरपेट जेवतो आणि अकराला आडवा होतो. दुबईतल्या या तळ्यांइतकंच हे वेळापत्रकही माणसानेच बनवलेलं.

आमच्या मनोऱ्यात मुलाकडे राहायला आलेले साताऱ्याचे एक काका मात्र दोष दुबईला देत नाहीत. "मला पित्त जुनंच हो," ते म्हणतात. बॅगेत आमसुलं, ओवा, सोड्याची पाकिटं आणि पॅन्टॉप्राझोलच्या गोळ्या. गोळी कुणी दिली होती ते आता त्यांना आठवत नाही.

पित्त या शब्दाने मराठीत फार मोठा संसार मांडला आहे. अंगावर गांधी आल्या की पित्त उठतं, डोकं दुखलं तर ते पित्ताने, रागावलेल्याचं पित्त खवळतं आणि छातीत जळजळलं तरी पित्तच. शरीरशास्त्रातलं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा कडू रस. काकांच्या घशाशी येतं ते आंबट, म्हणजे मुख्यतः जठरातलं आम्ल. आयुर्वेदाने त्याला ‘अम्लपित्त’ असं वेगळं नाव दिलं होतं. बोलण्यात आपण त्यातलं ‘अम्ल’ गाळून टाकलं.

या आम्लाला अडवणारा दरवाजा अन्ननलिकेच्या तळाशी असतो. स्नायूंचं एक कडं आणि त्याला बाहेरून आवळणारं श्वासपटल, असा दुहेरी बंदोबस्त. पण ढेकर बाहेर पडावा म्हणून हे कडं अधूनमधून आपोआप सैल होतं. जठर तट्ट फुगलं की जास्त वेळा. उभे असताना गुरुत्वाकर्षण मदतीला असतं; आडवं झालं की तेही गेलं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळणंही कमी होतं, त्यामुळे वर आलेलं आम्ल धुऊन निघत नाही. जठराला श्लेष्म्याचं जाड अस्तर असतं, अन्ननलिकेला तसं चिलखत नाही. रात्री उशिरा जेवून लगेच झोपू नका, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा, डाव्या कुशीवर झोपा, हे सल्ले यातूनच आलेले आहेत. (छातीत दाबल्यासारखं होत असेल, घाम फुटत असेल, तर आधी ईसीजी. सोडा पिऊन वाट बघत बसायचं नाही.)

गेल्या वर्षी काकांच्या पोटात ‘दुर्बीण घातली’. लांबचं बघायचं यंत्र पोटात घालणारी भाषा मला फार आवडते. या दुर्बिणीचा पूर्वज तसा सरळसोटच होता. १८६८मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला आडोल्फ कुसमाउल यांनी ताठ नळी आत घालून पाहिली, ती तलवार गिळणाऱ्या एका खेळियाच्या घशातून! वळणारी दुर्बीण यायला काचतंतू लागले. मोग्याला जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे लंडनमधले मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी तंतूंच्या जुडीतून चित्र नेता येतं हे १९५४मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. ते वाचून अमेरिकेत बेसिल हिर्शोवित्झ कामाला लागले आणि १९५७मध्ये तयार झालेली दुर्बीण त्यांनी आधी स्वतःच गिळली. आज टोकाला कॅमेऱ्याची चिप असते, जाडी साधारण करंगळीएवढी. उपाशीपोटी जायचं, घशात बधिर करणारा फवारा, डाव्या कुशीवर झोपायचं. पाच-दहा मिनिटांत काम होतं.

आत डॉक्टर अस्तरावरचे ओरखडे शोधतात. त्यांची प्रतवारी लॉस एंजेलिस पद्धतीने होते. पाच मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा ‘ए’, त्याहून लांब ‘बी’. ओरखडे एका वळीवरून दुसरीवर पसरले तर ‘सी’ आणि नळीचा तीन-चतुर्थांश घेर किंवा त्याहून जास्त व्यापला तर ‘डी’. ‘ए’वर कुणी फार विसंबत नाही, तो निरोगी माणसातही सापडतो. कधी फिक्या गुलाबी अस्तराच्या जागी तांबूस, मखमली पट्टा वर सरकलेला दिसतो. आम्लाला कंटाळून पेशींनी जात बदललेली असते. हे बॅरेटचं अस्तर. गंमत अशी, की १९५०मध्ये नॉर्मन बॅरेट यांनी त्या भागाला वर ओढलं गेलेलं जठर ठरवलं होतं. ती अन्ननलिकाच आहे हे ॲलिसन आणि जॉन्स्टन यांनी १९५३मध्ये दाखवलं. नाव मात्र चुकलेल्याचं राहिलं. यातून कर्करोग होऊ शकतो, पण फार थोड्यांना. म्हणून तुकडे काढून तपासायचे आणि ठरावीक काळाने पुन्हा बघायचं.

काकांचा रिपोर्ट आला ‘नॉर्मल’. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला काही झालेलं नाही." काका दुखावले. खरं तर दोघांचीही चूक नव्हती. आम्लाची जळजळ असलेल्या बहुतेकांची अन्ननलिका दुर्बिणीत स्वच्छच दिसते. शिवाय काका त्या सकाळपर्यंत आम्ल कमी करणारी गोळी घेत होते. ती दोन ते चार आठवडे बंद ठेवली नाही तर असलेले ओरखडेही भरून येतात. आणि तिसरी शक्यता उरतेच: आम्ल नाहीच, अन्ननलिका नुसती हळवी झाली आहे. किंवा खालचं कडं सैल पडण्याऐवजी उघडायलाच तयार नाही, अन्न तिथेच आंबतं आणि रुग्ण ‘पित्त’ म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या खातो. त्या दुखण्याला अकॅलेशिया म्हणतात आणि ते कॅमेऱ्यापेक्षा दाब मोजणाऱ्या नळीला लवकर कळतं. गिळताना अडकणं, वजन घटणं, रक्ताची उलटी, काळी शौच, रक्तक्षय यांपैकी काही असेल, तर मात्र दुर्बिणीला उशीर करू नये.

काकांच्या बाबतीत पुढची पायरी मोजणीची होती. गोळ्या थांबवून, दुर्बिणीच्या मदतीने एक छोटी कॅप्सूल अन्ननलिकेच्या अस्तराला टोचून बसवतात. ती दोन ते चार दिवस आतला पीएच कमरेच्या यंत्राला बिनतारी कळवते, मग आपोआप सुटून शौचावाटे निघून जाते. पीएच ४च्या खाली किती वेळ गेला ते मोजायचं. दिवसाच्या सहा टक्क्यांहून जास्त, म्हणजे सुमारे ८६ मिनिटांपेक्षा अधिक, तर आजार पक्का. चार टक्क्यांच्या आत, म्हणजे तासाभराहून कमी, तर नाही. मधल्यांचं इतर पुराव्यांवर ठरतं.

जळजळ झाली की यंत्राचं बटण दाबायचं, आणि खाणं-झोपणं वहीत लिहायचं. काकांनी वही चोख ठेवली. फक्त पहिल्या रात्री तळ्याकाठी मुलाबरोबर घेतलेल्या कबाबांसमोर त्यांनी लिहिलं होतं, ‘थोडंसं’. नर्सने विचारलं, थोडंसं म्हणजे किती? काकूंनी शेजारून आकडा सांगितला.