मोगरा की निशिगंध? विहिरीचे पाणी पाहून निवड करावी

फुलझाडांची लागवड ही केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. देवपूजा, लग्नकार्ये, सण व उत्सव यांकरिता फुलांना सतत मागणी असते. शहराजवळच्या किंवा एस. टी. च्या रस्त्यावरील गावांतून पाचदहा गुंठ्यांची फुलबागही कुटुंबाच्या हाती रोजचा पैसा देऊ शकते. एकदा लावली म्हणजे काही वर्षे फुले देणाऱ्या झाडांत मोगरा व निशिगंध ही दोन आपल्याकडे विशेष लोकप्रिय आहेत. निशिगंधास बाजारात गुलछडी असेही म्हणतात. दोन्ही फुले पांढरी, सुवासिक व रात्री दरवळणारी असली तरी त्यांचा स्वभाव मात्र अगदी भिन्न आहे. हा भेद ध्यानात न घेता शेजाऱ्याचे पाहून लागवड केल्यास दोन वर्षांचे श्रम व पदरचा पैसा वाया जाण्याचा संभव असतो.

दोन झाडे, दोन स्वभाव

मोगरा हे झुडूप आहे. त्याचे लाकूड टणक असून मुळे खोल जातात. योग्य निगा ठेवल्यास एकाच जागी ते दहा ते पंधरा वर्षे उत्पन्न देते. याउलट निशिगंध ही कंदवर्गीय वनस्पती होय. तिचे मूळस्थान मेक्सिको देश असून जमिनीतील कंदांत ती अन्नाचा साठा करते. एका कंदापासून भोवती अनेक पिलकंद वाढतात व तीन वर्षांत त्यांची इतकी दाटी होते की दांडे आखूड व फुले लहान पडू लागतात. म्हणून तीन वर्षांनी कंद काढून नव्या जागी लावावे लागतात.

भांडवलाच्या दृष्टीनेही दोहोंत मोठा फरक आहे. मोगऱ्याची लागवड १.२ मीटर (सुमारे ४ फूट) अंतरावर केल्यास एका गुंठ्यात सत्तरच्या आसपास झाडे बसतात. ही रोपे फाटे कलमाने किंवा दाबकलमाने घरीच तयार करता येतात. निशिगंधाचे कंद ३० × २० सेंटिमीटर अंतरावर लावले असता वाटा व पाट वगळून गुंठ्यास सुमारे दीड हजार कंद लागतात. हे सर्व बेणे पहिल्याच वर्षी विकत घ्यावे लागत असल्याने आरंभीचा खर्च अधिक येतो. परंतु निशिगंध लागवडीपासून तीन ते चार महिन्यांत फुलावर येतो, तर मोगऱ्याच्या भरघोस उत्पन्नाकरिता तिसऱ्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागते. या मधल्या काळात मोगऱ्याच्या ओळींत मेथी, कोथिंबीर यांसारखी भाजी घेता येते.

पाण्याचा प्रश्न

निवडीचा खरा निकष म्हणजे विहिरीचे पाणी होय. मोगऱ्याचे झाड कणखर असते व पाण्यावाचून सहसा मरत नाही. एवढ्यावरून ते कोरडवाहू जागेस योग्य आहे असा समज काही ठिकाणी आढळतो. झाड जगणे आणि झाडाने फुले देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. मोगऱ्याचा मुख्य बहार मार्च ते जून या महिन्यांत येतो. नेमक्या याच काळात आपल्याकडील बहुतेक विहिरींचे पाणी तळास जाते. कळ्या धरण्याच्या वेळी पाणी तुटले तर कळ्या बारीक राहतात, गळतात आणि वर्षाचे उत्पन्न बुडते.

निशिगंधाचा मुख्य हंगाम पावसाळ्यात सुरू होऊन थंडी पडेपर्यंत चालतो. फुलण्याच्या काळात त्यालाही नियमित ओलावा लागतोच. पण उन्हाळ्यात पाणी संपले तर पाने वाळून कंद जमिनीत विश्रांती घेतात व पुन्हा पाणी मिळताच फुटतात. म्हणून ज्या विहिरीस फेब्रुवारीअखेरपर्यंतच पाणी असते, तेथे निशिगंध अधिक सुरक्षित ठरतो. जेथे मे महिन्यातही आठवड्यास एकदोन पाळ्या देता येतील, तेथे मोगरा लावण्यास हरकत नाही. लग्नसराईतील बाजारभावाचा लाभ अशाच शेतकऱ्यास मिळतो.

जमीन

दोन्ही झाडांस पाण्याचा निचरा होणारी मध्यम जमीन मानवते. भारी काळ्या जमिनीत पाणी साचल्यास निशिगंधाचे कंद कुजतात व मोगऱ्याची पाने पिवळी पडतात. चुनखडीच्या जमिनीतही मोगऱ्याच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. अशा वेळी पाण्याचा निचरा सुधारून दर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस विरघळवून फवारावे. परसातील मोगरा पुष्कळदा न्हाणीच्या मोरीजवळ लावलेला असतो. तेथे सतत चिखल व साबणाचे पाणी राहत असल्याने झाड पिवळे पडते. ते मोरीपासून चार हात दूर लावावे.

मोगऱ्याची निगा

मोगऱ्याचे फूल नव्या फुटीवर येते. म्हणून छाटणी हे त्याच्या मशागतीतील सर्वांत महत्त्वाचे काम आहे. पावसाळा संपल्यावर पाणी हळूहळू कमी करून झाडास ताण द्यावा. डिसेंबरअखेर ते जानेवारीत जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर (दीड फूट) उंचीवर झाड छाटावे. वाळक्या व रोगट फांद्या मुळापासून काढाव्यात. नंतर आळे खणून प्रत्येक झाडास १० किलो चांगले कुजलेले शेणखत घालावे. पूर्ण वाढलेल्या झाडास वर्षाकाठी ६० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद व १२० ग्रॅम पालाश द्यावे. निम्मा हप्ता छाटणीनंतर व निम्मा जून-जुलै महिन्यात द्यावा. खत घातल्यावर पाणी सुरू करावे. छाटणीस भिऊन झाड तसेच वाढू दिल्यास पाला मात्र दाट होतो व कळ्या विरळ येतात.

कळी पोखरणारी अळी हा मोगऱ्याचा मुख्य शत्रू आहे. किडलेल्या व जांभळट पडलेल्या कळ्या रोज वेचून नष्ट कराव्यात आणि सुरुवातीस निंबोळी अर्काची फवारणी करावी.

निशिगंधाची निगा

लागवड एप्रिल ते जून या काळात करावी. बेण्यासाठी २ ते ३ सेंटिमीटर जाडीचे, घट्ट व निरोगी कंद निवडावेत. लहान पिलकंदांस पहिल्या वर्षी सहसा फुले येत नाहीत. स्वस्त मिळतात म्हणून ते घेणारा शेतकरी वर्षभर केवळ पाने पाहत बसतो. काढणीनंतर तीनचार आठवडे सावलीत विश्रांती दिलेले कंद बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून ५ ते ७ सेंटिमीटर खोल लावावेत.

सिंगल जातींची फुले अधिक सुवासिक असून हार, वेण्या व अत्तर यांकरिता चालतात. डबल जातींचे दांडे फुलदाणीकरिता विकले जातात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेल्या शृंगार व प्रज्वल या सिंगल, तर सुवासिनी ही डबल जात होय. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचा उपद्रव या पिकास होतो. तो टाळण्यासाठी त्याच जमिनीत पुन्हा निशिगंध न लावता मध्ये झेंडूचे पीक घ्यावे.

मजूर आणि बाजार

मोगऱ्याच्या पूर्ण वाढलेल्या, पांढऱ्या पण न उमललेल्या कळ्या सूर्योदयापूर्वी तोडाव्या लागतात. बहारात हे काम एक दिवसही चुकवता येत नाही, कारण त्याच सायंकाळी कळी उमलते व उमललेल्या फुलास भाव राहत नाही. निशिगंधाची सुटी फुलेही पहाटेच तोडावी लागतात. मात्र खालची एकदोन फुले उमलताच कापलेले दांडे पाण्यात उभे ठेवल्यास काही दिवस टिकतात. बाजार लांब असलेल्या गावास हा मोठाच आधार आहे. घरात पहाटे उठणारे किती हात आहेत व सकाळची पहिली गाडी किती वाजता आहे, याचा विचार लागवडीपूर्वीच करावा.

निर्णय कसा करावा

बारमाही पाणी, जवळचा बाजार व घरची माणसे असल्यास मोगरा लावावा. आठमाही पाणी, दूरचा बाजार व लवकर उत्पन्नाची निकड असल्यास निशिगंध बरा. पाण्याची खात्री असणाऱ्या शेतकऱ्याने दोन्ही निम्मे-निम्मे लावल्यास उन्हाळ्यात मोगरा व गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंत निशिगंध असे काम व पैसा यांची चांगली वाटणी होते. कोणतेही झाड प्रथम दोन गुंठ्यांतच लावून पाहावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सल्ला देण्यापूर्वी शेतकऱ्यासह त्याच्या विहिरीवर जावे, गेल्या तीन उन्हाळ्यांत पाणी कोणत्या महिन्यात आटले ते विचारावे आणि मगच झाडाचे नाव सुचवावे. गावातील एका मळ्यात मोगरा बहरला एवढ्यावरून तो दुसऱ्या मळ्यातही बहरेल असे नाही. पाणी ओळखून लावलेली बाग लहान असली तरी ती टिकते आणि वर्षानुवर्षे घरास हातभार लावते.